कडू पानाचे कुंपण

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या पश्चिमेला इमारती संपतात तिथेच येऊरचा डोंगर सुरू होतो. दुपार कलली की आधी टॉवरांची आणि मग डोंगराची सावली सोसायट्यांच्या बागांवर येते. पावसाळ्यात तर ऊन दिसणेच मुश्कील. तिथे बाग करणाऱ्यापुढे म्हणून दोन अटी असतात. झाड सावलीत जगले पाहिजे आणि जनावराने ते खाता कामा नये. शहरापुरते बोलायचे तर हे जनावर बहुधा माकड असते. येऊर गावातल्या, जंगलाला लागून असलेल्या घरांना चितळ, सांबर किंवा भेकराचाही विचार करावा लागतो, आणि कल्याणच्या पलीकडे मुरबाड-शहापूरकडे ज्यांची शेतघरे आहेत त्यांचा खरा वैरी रानडुक्कर. डोंबिवलीच्या बाल्कनीत हरीण येत नाही, हे मान्य. तरी इथे उदाहरण हरणाचेच घेतले आहे, कारण तेच सर्वांत अवघड आहे. माकड घरात शिरते, डुक्कर अंगावर येते. त्यांना अडवताना मन फारसे खात नाही. हरीण पाला खाण्यापलीकडे कोणाचे काही बिघडवत नाही आणि आपल्या बहुतेक कथा-पुराणांची सहानुभूती त्याच्याकडे आहे. त्याला नको असलेलीच झाडे मुद्दाम शोधून लावणे धर्माला धरून आहे का, असा हा प्रश्न आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. पण त्या होकाराला अटी आहेत आणि त्यांतली मुख्य अट बागेपेक्षा डोंगराशी जास्त संबंधित आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी पुरते ऐकून घेतले पाहिजे. गृहस्थाला जे पाच महायज्ञ सांगितले आहेत त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे आपल्या पानावर बसण्यापूर्वी इतर प्राणिमात्रांचा वाटा बाजूला काढणे. वैश्वदेव आता फार थोड्या घरांत होतो, पण गोग्रास, पितृपक्षातला काकबळी, वारुळाशी ठेवलेली चिमूटभर साखर ही त्याचीच उरलेली रूपे आहेत. जो केवळ स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो, इतक्या कडक भाषेत गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हा विचार आला आहे. या मापाने, जिथले एकही पान दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये अशी तजवीज केली आहे ती बाग म्हणजे दार लावून जेवणाऱ्याचे घर झाले. वारकरी परंपरा आणखी पुढे जाते. तुकोबांना शेत राखायला बसवले, त्यांनी पाखरांना हाकललेच नाही, धनी संतापला, प्रकरण पंचांपुढे गेले आणि शेवटी धान्य मोजले तर ते अपेक्षेहून कितीतरी जास्त भरले, ही संतचरित्रातली कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ती करुणेची कथा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेही. पण तिच्यातला हिशेब नीट पाहावा. शेत तुकोबांचे नव्हते. दान झाले ते दुसऱ्याच्या कणसांचे. तो अन्याय तसाच राहू नये म्हणून कथेला शेवटी चमत्कार आणावा लागतो. पाखरांचे पोट आणि धन्याचे पीक या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीसाठी दुसरी बुडाली तर भरपाई कुठून तरी व्हायला हवी, हे कथाकारालाही मान्य आहे. तुकोबांच्या बाबतीत ती पांडुरंगाने केली. सामान्य गृहस्थाने पांडुरंगाच्या भरवशावर दुसऱ्याचे शेत मोकळे सोडू नये, एवढा व्यवहार त्या कथेतूनच निघतो. राखण करणे अधर्म नाही.

मग प्रश्न उरतो तो राखण कशी करायची याचा. गोफण आणि माळ्यावरची आरोळी ही जुनी रीत. तिच्यात इजा कमी, पण रात्ररात्र जागणारा माणूस हवा. काटेरी तार अंग फाडते. तारेत चोरून वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि तिच्यात डुकराबरोबर हरीण, बिबट्या आणि अंधारात वाट चुकलेला माणूसही मरतो. विष टाकणे त्याहून हीन. या रीतींत जनावराला सीमा कळते ती वेदनेतून, आणि वीज किंवा विषाच्या बाबतीत कळून उपयोग होण्याआधीच ते मेलेले असते. कडू, उग्र वासाचे किंवा खाजरे पान वेगळ्या तऱ्हेने काम करते. अळू आणि सुरण यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. अडुळसा इतका कडवट की शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणाला लावतात. हळद, आले, सोनटक्का यांची पाने चुरगाळली की त्यांतल्या तेलांचा वास लगेच येतो. चरणाऱ्याला तो आधीच येतो. बहुतेक नेचे हुंगून सोडले जातात. हे सारे झाडाने स्वतःसाठी केलेले रक्षण आहे, माणूस बाग करू लागला त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. मनुस्मृतीने वनस्पतींना अंतःसंज्ञा आणि सुखदुःख असल्याचे म्हटले आहे. जैन विचारात त्या एकेंद्रिय जीव आहेत. हे मानायचे तर झाडाच्या नकारालाही वजन द्यावे लागते. हरणाची भूक खरी, तशी न खाल्ले जाण्याची झाडाची धडपडही खरी. अशी झाडे निवडणारा माळी त्या दोघांच्या जुन्या व्यवहारात नवे शस्त्र आणत नाही. हरीण येते, हुंगते, फार तर एक घास घेऊन पाहते आणि पुढे जाते. त्याचा निर्णय त्यानेच घेतलेला असतो.

याच तर्काने बेचव झाड आणि प्राणघातक झाड यांत फरक करावा लागतो, जो रोपवाटिकांच्या याद्या करत नाहीत. कण्हेर जनावरे सहसा टाळतात हे खरे, पण तिच्यातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये पान वाळले तरी जात नाहीत. छाटणीचा ढीग उघड्यावर टाकला आणि भुकेल्या गुराने तो खाल्ला तर ते मरू शकते. ज्याच्या नकाराची चूक जीव घेते असे झाड जंगलाच्या कडेला लावणे आणि विष टाकणे यांत अंतर आहे, पण ते वाटते तेवढे मोठे नाही. जिभेला नको वाटणारे पान आणि जीव घेणारे पान यांतून निवड करायची तर पहिलेच घ्यावे.

नकार देणाऱ्या झाडांना आपल्या पूजेत काय स्थान आहे, हेही पाहण्यासारखे आहे. शंकराला धोतरा, मारुतीला रुईच्या पानांची माळ, आणि गणपतीच्या एकवीस पत्रींच्या प्रचलित याद्यांत रुई, धोतरा, कण्हेर आणि काटेरी डोरली. ही सगळी गुरे सोडून देतात अशी, उकिरड्याच्या आणि बांधाच्या कडेची झाडे. त्याच ताटात पहिला मान मात्र दूर्वांचा. त्या गाय, घोडा, हरीण सगळेच आवडीने खातात. प्रत्येक पत्रीमागे एकेक औषधी गुण शोधून काढण्याची आपल्याकडे जी हौस आहे तिच्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. पण एवढे खरे की या ताटाने खाल्ले जाणारे आणि नाकारले जाणारे यांत उच्चनीच केलेले नाही. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी ठाणे, डोंबिवली, कल्याण या स्टेशनांबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका पत्रीच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांतही या दोन्ही जाती एकाच दोऱ्याने बांधलेल्या असतात. कोणाच्या पोटात जाते यावर झाडाची किंमत ठरत नाही, असा निष्कर्ष यातून काढता येईल. तो सिद्धांत म्हणून पुरेसा नाही, कारण रूढीवरून नीती सिद्ध होत नसते. नाकारणारे झाड अधर्माचे आहे या आक्षेपाला मात्र ते उत्तर आहे.

याहून थेट पुरावा बौद्ध परंपरेत आहे. निग्रोधमृग जातक बहुतेकांना गाभण हरिणीच्या प्रसंगामुळे आठवते. जातकाची कथा सुरू होते ती मात्र बागेपासून. वाराणसीचा राजा रोज शिकारीला निघे आणि प्रजेला कामधाम टाकून हाकाऱ्याला जावे लागे. म्हणून लोकांनीच राजाच्या उद्यानात गवत पेरले, पाण्याची सोय केली, हरणांचे कळप आत हाकलले आणि दार लावून घेतले. पुढे रोज एक हरीण पाळीने मरायला जाऊ लागले, गाभण हरिणीची पाळी आली, तिच्या जागी निग्रोध मृगराज स्वतः गेला, राजा वरमला आणि त्याने हरणांपासून पाखरे-माशांपर्यंत सगळ्यांना अभय दिले. एखाद्या कीर्तनकाराने कथा इथेच संपवली असती. जातककार थांबत नाही. अभय मिळालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागतात. लोकांना हात उगारता येत नाही आणि राजा दिलेला शब्द मोडायला तयार नाही. तेव्हा मृगराज आपल्या कळपाला परक्याचे पीक खायला मनाई करतो आणि लोकांना निरोप धाडतो की शेताला कुंपण घालू नका, खूण म्हणून भोवती नुसती पाने बांधा. ती खूण असलेल्या शेतात त्यानंतर हरीण शिरले नाही, असे कथा सांगते. करुणेच्या सर्वोच्च क्षणानंतरही सीमा लागतेच, हे ज्याला कळले होते त्याने ही कथा रचली असली पाहिजे. आणि ती सीमा त्याने पानांची ठेवली. ही गोष्ट ठाणेकरांना परकी नाही. येऊरचा डोंगर ज्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे त्याच्याच पोटात कान्हेरीची लेणी आहेत, आणि तिथल्या शिलालेखांतल्या दात्यांमध्ये कल्याणच्या माणसांची नावे आहेत. त्या काळचे कल्याण भरभराटीचे बंदर होते आणि तिथल्या व्यापाऱ्यांचा पैसा या डोंगरातल्या भिक्षूंपर्यंत पोचत होता.

जातकातला क्रम नजरेआड करू नये. आधी हरणाच्या जिवाची आणि जागेची हमी मिळते आणि मग पानांची खूण येते. हमी नसती तर खुणेला अर्थ राहिला नसता. उपाशी कळप पाने बघून माघारी गेला नसता. माझा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे. कडू पानाचे कुंपण न्याय्य आहे ते कराराचे दुसरे कलम म्हणून. पहिले कलम पाळले नसेल तर दुसरे मागण्याचा अधिकार डळमळतो.

आणि पहिले कलम आपण पाळलेले नाही. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना हिंसेच्या वाटेने अहिंसा साधू पाहणाऱ्यांना फार बोचऱ्या उपमा दिल्या आहेत. फांद्या तोडाव्या आणि त्यांचेच कुंपण झाडाच्या बुंध्याभोवती घालावे, किंवा देऊळ मोडून देवाला आवार बांधावे, अशी ती अहिंसा. घोडबंदर रस्त्यावरच्या हिरव्या गृहसंकुलांना ही उपमा जशीच्या तशी लागू पडते. मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही डोंगराच्या पायथ्याची गावे-पाडे आपल्या डोळ्यांदेखत शहर झाली. ओढ्यांचे नाले झाले, उतार कापले गेले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, त्यातला निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यातला, आणि त्याला शहराचा वेढा. चरण्याची जागा घ्यायची, उरलेल्या कडेला न चरता येणारी झाडे लावायची आणि त्याला अहिंसक बागकाम म्हणायचे, यावर ज्ञानेश्वर काय म्हणाले असते ते सांगायला नको. या आक्षेपाला पळवाट नाही. त्याचा रोख मात्र नीट पाहावा. दोष पहिल्या कृतीत आहे, जागा घेण्यात. हळदीचा वाफा त्या दोषाचे क्षालन करत नाही आणि त्यात भरही घालत नाही. ज्याने आज तिथे फ्लॅट घेतला त्याने स्वतः डोंगर कापला नाही. पण कापलेल्या डोंगरावरच तो राहतो, म्हणून थकलेले देणे त्याच्याकडे वारशाने येते. शेत विकत घेणाऱ्याकडे त्याच्यावरचा बोजाही येतो, तसलाच हा व्यवहार.

आणखी एक आक्षेप असा की सीमा आखणारा बलवान आणि ती पाळणारा मुका. हरणाला विचारले कोणी? जातकात मृगराज संमती देतो, पण जातकातली हरणे बोलतात. खऱ्या हरणाची संमती मिळण्याचा मार्ग नाही, हे मान्य करावेच लागते. पण सर्व सीमांमध्ये कडू पान ही एकच अशी आहे जी हरणाला पाळायची सक्ती करत नाही. ते ओलांडू शकते. आणि ते ओलांडते केव्हा, हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि घरामागच्या बागेत हरीण येणे रोजचे आहे, रटगर्स विद्यापीठाने बागेतल्या झाडांची हरणांच्या उपद्रवानुसार वर्गवारी केलेली आहे. तिच्यात चार वर्ग आहेत: क्वचित नुकसान होणारी झाडे इथपासून वारंवार आणि जबर नुकसान होणारी झाडे इथपर्यंत. कधीच खाल्ले जात नाही असा वर्ग त्या यादीत नाही. कारण साधे आहे, पुरेसे भुकेले हरीण जवळजवळ काहीही खाते. म्हणजे बागेत लावलेला अडुळसा एखाद्या वैशाखात ओरबाडला गेला, तर रोपवाटिकेने फसवले असे समजण्यापूर्वी डोंगराकडे पाहावे. चैत्र-वैशाखात तिथले ओढे आटतात, गवत वाळते. तरी जंगल धड असेल तर गळलेली फुले, फळे, कोवळी पालवी, माकडांनी झाडावरून टाकलेला पाला यांवर हरणे तग धरतात. कडू पान खाल्ले गेले याचा अर्थ पलीकडे गोड पान उरले नाही. ती पहिले कलम मोडल्याची साक्ष आहे, आणि मुक्या पक्षकाराला न्यायालयात देता येईल अशी बहुधा तेवढीच एक साक्ष.

पलीकडे गोड पान कसे उरत नाही, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. पहिले आपल्या घरचे. घाणेरी, म्हणजे लँटाना, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. शोभेचे झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती भारतात आणली. गुरांना तिची पाने विषारी, चरणारे तिला टाळतात; परदेशातल्या कितीतरी बागांत आजही ती याच गुणासाठी लावतात. बागेतला तो गुण जंगलात शाप ठरला. फुलांवर फुलपाखरे येतात, फळे पाखरे खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात, पण पाला कोणी खात नाही. त्यामुळे ती पसरत गेली आणि देशभरातल्या जंगलांत हरणांच्या चाऱ्याची जागा तिने बळकावली. न खाल्ले जाणारे झाड कुंपणाबाहेर पडले की ते हरणाचे ताटच काढून घेते. दुसरे उदाहरण जपानमधल्या नारा शहराचे. तिथल्या कासुगा देवस्थानाची हरणे शतकानुशतके देवदूत म्हणून पवित्र मानली गेली. आज हजाराहून अधिक हरणे तिथे मोकळी फिरतात. त्यांना कोणी अडवले नाही, आणि परिणाम असा की आसपासच्या वनात हरणे जी खात नाहीत तीच झाडे वाढली: असेबी नावाचे विषारी झुडूप आणि नागी नावाचा वृक्ष. म्हणजे हरणाला कुठेच नकार द्यायचा नाही असे ठरवले तर नकार देण्याचे काम शेवटी संपूर्ण वन करू लागते. एका ठिकाणी माणसाच्या बेफिकिरीने आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या भक्तीने जंगल कडू झाले. यातून कोणी असा अर्थ काढील की मग हरणांची संख्याच माणसाने ठरवावी. येऊरला त्याची गरज नाही. तिथे ते काम बिबट्या करतो. बिबट्याला जागा ठेवणे हेही पहिल्या कलमातच येते, आणि बहुतेक सोसायट्यांचा भूतदयेचा उत्साह नेमका तिथे मावळतो.

भूतयज्ञ मानणारा आता विचारील, मग हरणासाठी आपणच चारा का ठेवू नये? कुंपणाच्या आत अडुळसा आणि बाहेर एक टोपली केळी, असा तोडगा अनेकांना सुचतो, आणि माकडांच्या बाबतीत येऊरच्या रस्त्यावर तो रोज अमलात येतानाही दिसतो. हा तोडगा चुकीचा आहे. हाताने खायला घातलेले रानटी जनावर माणसाच्या जवळ यायला शिकते, आणि त्याची किंमत पुढे तेच मोजते. हरीण वस्तीत आले की कुत्री मागे लागतात, घोडबंदर रस्त्यावर रात्रभर अवजड वाहने धावतात, आणि हरणाच्या वासावर बिबट्या आला की मग सगळे शहर पिंजऱ्याची मागणी करते. २०१९च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला तेव्हा झालेली धावपळ पुष्कळांना आठवत असेल. जंगलाच्या कडेला, दिलेल्या घासापेक्षा दिलेला नकार जास्त दयाळू ठरतो. भूतयज्ञातली गाय, कावळा, मुंगी हे सारे माणसाच्या अंगणातले जीव होते, हे विसरून आपण तो वाटा अरण्यातल्या जनावरांपर्यंत ताणतो. रानातल्या जनावराचा वाटा रानातच ठेवायचा असतो, तोही काही न करता, म्हणजे रानाला हात न लावता. पुण्य मिळवायची घाई झालेल्या माणसाला हे फार जड जाते.

अंगणातल्या जिवांचा वाटा मात्र अंगणातच द्यायला हवा, आणि इथे झाडांच्या निवडीचा प्रश्न पुन्हा येतो. हरणाला नको असलेले झाड सगळ्यांनाच नको असते असे नाही. रुईला गुरे तोंड लावत नाहीत, पण प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. तिचे विष अंगात साठवतात आणि मग त्यांना पक्षी टाळतात. कण्हेरीवर कॉमन क्रो या फुलपाखराच्या अळ्या जगतात. रुई, धोतरा, कण्हेर यांना ऊन लागते, टॉवरच्या सावलीत ती रडतखडत वाढतात. सावलीसाठी हळद, आले, सोनटक्का घ्यावेत, त्यांच्या पानांची गुंडाळी करून ग्रास डेमन या छोट्या फुलपाखराची अळी आत राहते. अळूवर पतंगांच्या जाड अळ्या येतात. थोडे ऊन येणाऱ्या कोपऱ्यात अडुळसा लावला तर त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या. ओवळ्याच्या ओवळेकर वाडीतले फुलपाखरू उद्यान उभे आहे ते याच तत्त्वावर: तिथे झाडे लावली जातात ती खाल्ली जावीत म्हणून. मोठ्या चरणाऱ्याला नकार आणि लहानाला घास, ही तडजोड शक्य आहे, स्वस्त आहे. ज्या बागेत कोणीच काही खाऊ शकत नाही ती वेगळी गोष्ट आहे. बाहेरून आणलेली, इथले कीटक फारसे ओळखत नाहीत अशी चकचकीत पानांची झाडे, त्यांवर दर पंधरवड्याला फवारणी, खाली प्लास्टिकचे गवत: अशी बाग सावलीत टिकते, तिला हरीण, माकड, अळी कोणाचाच उपद्रव नाही, देखभालही कमी. भूतयज्ञाच्या नावाने सुरुवातीला जो आरोप केला होता तो या बागेवर पूर्णपणे सिद्ध होतो.

शेवटी, पानाफुलांच्या गोष्टीवर एवढा नीतिविचार लादायचा का, असे कोणी म्हणेल. कुंडीतल्या हळदीपुरते ते म्हणणे बरोबर आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी शेकडो संकुले आहेत, त्यांच्या समित्या दर पावसाळ्यापूर्वी झाडांची यादी करतात, आणि त्याच समित्यांना कुंपणाच्या पलीकडे काय चालले आहे यावर मत नोंदवायचा हक्क आहे. राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ साली अधिसूचित झाले. येऊरच्या डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा होतो आहे, जोडरस्त्यांसह सुमारे पावणेबारा किलोमीटरचा. असे निर्णय यापुढेही येत राहतील. यादी करताना सोनटक्का, हळद, अडुळसा, नेचे घ्यावेत. घाणेरी घेऊ नये. कण्हेर असेल तर तिची छाटणी उघड्यावर टाकू नये. तारेत वीज सोडू नये. माकडांना केळी देऊ नयेत. आणि त्याच बैठकीत पहिल्या कलमाचाही विषय घ्यावा. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा नवा मसुदा निघाला तर त्यावर हरकती-सूचना पाठवायला नागरिकांना साठ दिवस मिळतात.